चिऱ्यागणिक उंची : प्रस्तावना

पुण्यात मंडईच्या बाहेर फळांच्या गाड्या लागतात तिथे संध्याकाळी मोसंबी रचणाऱ्या माणसाकडे बघत उभे राहायची मला जुनी सवय आहे. तो आधी फळीवर पाच-पाचच्या पाच ओळी मांडतो. पंचवीस मोसंबी. त्यांच्यामधल्या खाचांत चार-चारच्या चार ओळी बसतात, सोळा. मग नऊ, मग चार, आणि शेंड्यावर एक, तेही देठाची बाजू खाली करून, कपड्याने पुसून. सगळी मिळून पंचावन्न. खालचा थर लावताना त्याचा हात पाटीतून फळीवर नुसता सरकतो. शेवटचे फळ ठेवताना मात्र त्याला हात लांब करून वर न्यावा लागतो, आणि त्या एका फळाला त्याचा वेळही जास्त जातो.

या पुस्तिकेचा सगळा विषय त्या पंचावन्न मोसंब्यांत आहे. प्रश्न इतकाच की, हा ढीग रचताना त्याने एकूण किती उचलले? ढीग पाच थरांचा, म्हणून पंचावन्न गुणिले पाच असे उत्तर पुष्कळ मुले देतात. ते चूक आहे, कारण खालची पंचवीस फळे वर चढलेलीच नाहीत. सोळा फळे एक थर चढली. नऊ फळे दोन थर चढली, म्हणजे अठरा. चार फळे तीन थर, बारा. एक फळ चार थर. बेरीज करा: सोळा, अठरा, बारा, चार, पन्नास. पंचावन्न फळे मिळून पन्नास थर चढली. ढीग डोळ्यांना एवढा उंच दिसतो, पण त्यातले सरासरी फळ एक थरसुद्धा वर गेलेले नाही.

आता ढीग मोठा करू. दहा थर केले तर ३८५ फळे लागतात आणि ती मिळून ८२५ थर चढतात. एका फळाची सरासरी २.१४ थर, म्हणजे उंचीच्या एकवीस टक्क्यांच्या आसपास. शंभर थर केले तर फळे ३,३८,३५० आणि चढ ८३,३२,५०० थरांचा, सरासरी २४.६ थर. पाच थरांना अठरा टक्के, दहा थरांना एकवीस, शंभराला साडेचोवीसच्या वर. हा आकडा कुठे निघाला आहे ते आता दिसू लागते. फळ मोसंबीचे न राहता मोहरीच्या दाण्याएवढे झाले, थर कागदासारखे पातळ झाले, की तो बरोबर पंचवीस टक्क्यांना जाऊन टेकतो. चौरस पायाचा, वर निमुळता होत गेलेला भरीव ढीग रचायला लागणारे कार्य म्हणजे त्याचे सगळे वजन गुणिले त्याच्या उंचीचा चौथा हिस्सा. पातळ होत जाणाऱ्या थरांची ही बेरीज म्हणजेच समाकलन. ज्या मुलाला मोसंब्यांची बेरीज कळली त्याला समाकलनाची कल्पना कळली, चिन्हे नंतर शिकता येतात. तीस वर्षे शिकवून माझे हे मत पक्के झाले आहे आणि त्यासाठीच ही पुस्तिका लिहिली आहे.

चौथा हिस्सा हा काही सगळ्यांना लागू नाही. सरळ, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची भिंत असेल तर वजन गुणिले अर्धी उंची. कौलारू घराच्या आढ्याखालची त्रिकोणी भिंत असेल तर वजन गुणिले एक-तृतीयांश उंची. मोसंब्यांच्या रचनेसारखा चहूकडून निमुळता भरीव ढीग असेल तर एक-चतुर्थांश. अर्धा, तिसरा, चौथा. आकार एकेका दिशेने निमुळता होत जातो तसा छेद एकेकाने वाढतो. हा क्रम मी पहिल्यांदा स्वतः मांडून पाहिला त्या रात्री मला झोप आली नव्हती, आणि वर्गात तो फळ्यावर लिहिताना आजही माझा खडू थोडा जोरात चालतो.

आता मोसंब्यांवरून मान वर करून मागच्या इमारतीकडे बघू.

मंडईची दगडी इमारत १८८६ साली लोकांसाठी खुली झाली. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. नव्या इमारतीला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले होते, म्हणून जुनी माणसे तिला रे मार्केट म्हणत. आराखडा कर्नल वॉल्टर ड्युकॅट यांचा आणि बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूकडे फाकलेल्या लांब पाखा, आत उंच ओटे. त्या ओट्यांवर बसलेली भाजीवाली मावशी गिऱ्हाइकाच्या वर असते आणि तराजूही वरच असतो. पुणेकर या जागेला मंडई विद्यापीठ म्हणतात ते कौतुकाने. माझ्यापुरते ते अक्षरशः खरे आहे.

या इमारतीची एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. इमारत झाली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला जोतीरावांचेच नाव दिले गेले. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असत. चुन्याचा भाव, दगडाची खाण, मजुराचा रोज हे सगळे त्यांना हाताने ठाऊक होते, आणि इंजिनियर खात्याच्या कामांवर गरीब मजुरांची कशी नाडणूक होते हे त्यांनी पद्यात लिहून ठेवले आहे. दगड वर चढवण्याचे गणित शिकायला मी मंडईची इमारत निवडली ती म्हणून. इथे एका बाजूला कारागिरी आहे, दुसऱ्या बाजूला ‘हा पैसा शाळांना द्या’ हा प्रश्न आहे, आणि दोन्ही एकाच नावाखाली उभे आहेत.

हिशोबासाठी आपण एक मनोरा घेऊ. मापे सोयीची, तोंडी गणिताला जमतील अशी घेतली आहेत. आठ बाजूंचा दगडी मनोरा, उंची चोवीस मीटर. आडवा छेद घेतला तर आठही भिंतींची मिळून जागा वीस चौरस मीटर, खालपासून वरपर्यंत सारखी. चुन्यातले दगडकाम घनमीटरला अडीच हजार किलो धरू. म्हणजे दर मीटर उंचीला पन्नास टन, आणि सगळा मनोरा बाराशे टनांचा. पाथरवटाच्या भाषेत सांगायचे तर साधारण एकशे सत्तर ब्रास काम.

जमिनीपासून क्ष मीटर उंचीवर एक पातळ थर कल्पा. त्या थरातला प्रत्येक चिरा क्ष मीटर चढला आहे. थराचे वजन गुणिले क्ष, असे शून्यापासून चोवीसपर्यंतच्या सगळ्या थरांचे मिळवायचे. भिंत सरळ आहे, म्हणून उत्तर वजन गुणिले बारा मीटर. बारा लाख किलो गुणिले ९.८ गुणिले बारा. सुमारे चौदा कोटी ज्यूल.

चौदा कोटी म्हटले की छाती दडपते. हीच ऊर्जा विजेच्या मीटरवर मोजली तर एकोणचाळीस युनिट होतात. एका साध्या घराची आठवड्याभराची वीज. एवढा काळ्या दगडाचा मनोरा जमिनीवरून उचलून रचायला गुरुत्वाकर्षणाने मागितलेली किंमत एकोणचाळीस युनिट. मुलांना हा आकडा सांगितला की वर्ग गप्प होतो. काही जणांना हिशोब चुकला असे वाटते. हिशोब बरोबर आहे. मग ही इमारत बांधायला इतकी माणसे आणि इतकी वर्षे का लागली?

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा सावकाश जातो.

समजा कप्पी नाही. बांबूची परांची बांधली आहे, तिच्यावर चढती फळी टाकली आहे, आणि बिगारी डोक्यावर पंचवीस किलोचे ओझे घेऊन चढतो आहे. बाराशे टनांच्या अठ्ठेचाळीस हजार खेपा होतील. सरासरी खेप बारा मीटर उंचीची. सगळ्या खेपांचा उभा चढ मिळून ५७६ किलोमीटर. एव्हरेस्टची समुद्रसपाटीपासूनची उंची ८,८४९ मीटर. ती पासष्ट वेळा. या प्रत्येक खेपेत दगडाबरोबर माणूसही चढला आहे. तो पंचावन्न किलोचा धरला तर त्याचे स्वतःचे शरीर वर नेण्याचे कार्य एकतीस कोटी ज्यूल होते. दगडाचे चौदा, माणसाचे एकतीस. मनोऱ्यात चौदाच उरतात. बाकीचे एकतीस कोटी तो रिकाम्या हाताने खाली उतरताना हवेत विरतात.

पंचवीस किलो घेऊन दिवसभरात एकूण हजार मीटर चढणे हा धट्ट्याकट्ट्या माणसाचा चांगला रोज झाला. तेवढे ओझे डोक्यावर घेऊन सिंहगड पायथ्यापासून साधारण दीड वेळा चढण्यासारखे आहे ते. त्या मापाने या मनोऱ्याला ५७६ रोज लागतील, नुसता दगड वर न्यायला. स्नायू खाल्लेल्या अन्नातली फार तर पाव भाग ऊर्जा कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून त्या चढणाऱ्या माणसाला दिवसाला साडेसातशे कॅलरी केवळ या चढासाठी जास्तीच्या लागतात. ज्वारीच्या तीन-चार भाकरी. विजेचे युनिट आणि ज्वारीची भाकर एकाच समीकरणात अशी येतात, आणि ती एकत्र आणून दाखवणे हेच मी गणिताच्या शिक्षकाचे काम समजतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच अभियंता कूलोंब याने नेमका हाच प्रश्न घेतला होता. विजेच्या आकर्षणाचा नियम ज्याच्या नावाने शिकवतात तोच कूलोंब. बिनओझ्याने जिना चढणारा माणूस आणि लाकडाचा भारा घेऊन चढणारा माणूस दिवसभरात किती कार्य करतात हे त्याने ताडून पाहिले. भाऱ्याच्या रूपाने जे उपयोगी कार्य पदरात पडते ते मोकळ्या चढणाऱ्याच्या कार्याच्या साधारण चौथाईच भरते, असे त्याला आढळले. म्हणजे माणसाच्या शक्तीचा चांगला उपयोग करायचा तर त्याला ओझ्यासकट वर पाठवू नये, त्याच्या वजनालाच कामाला लावावे.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. विहिरीवरची मोट आठवा. बैल धावेवरून उताराला चालत जातात, नाडा ताणला जातो, भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. पाणी वर येताना बैल खाली जातो, त्याचे आठ-दहा मण वजन पाण्याच्या वजनाविरुद्ध टाकले जाते. चढ त्याला येतो तो परतताना, मोट रिकामी असताना. ही योजना ज्याने पहिल्यांदा केली त्याला कार्याचे गणित अंगाने समजले होते, यात मला शंका नाही.

मोटेत समाकलनाची आणखी दोन उदाहरणे दडलेली आहेत आणि ती या पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात आहेत. पहिले नाड्याचे. विहीर दहा मीटर खोल, नाडा मीटरला एक किलो. मोट वर येते तसा लोंबणारा नाडा आखूड होतो, म्हणून उचलायचे वजन क्षणाक्षणाला घटते. नुसत्या नाड्याचे कार्य ४९० ज्यूल. दुसरे गळक्या मोटेचे. दीडशे लिटर पाणी घेऊन निघालेली मोट थारोळ्याशी येईपर्यंत तीस लिटर गाळते. गळती सारखी असेल तर सरासरी १३५ लिटर धरून भागते. पण चामड्याला तळाशी भोक असेल तर भरलेली मोट जोरात गळते आणि पाणी कमी होईल तशी गळतीही मंदावते; तिथे सरासरी फसवते आणि समाकलन करावेच लागते. परदेशी पाठ्यपुस्तकांत गळक्या बादलीचे उदाहरण असते. ते वाचून आमच्या मुलांना बादली कोणी आणि का वर ओढते आहे ते कळत नाही. मोट मात्र आजोबांकडून ऐकलेली असते.

मनोऱ्याकडे परत येतो, कारण त्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. चोवीस मीटरांपैकी बारा मीटर बांधून झाले की लोक म्हणतात, अर्धे झाले. दगड अर्धा लागला, चुना अर्धा लागला, हे खरे. चढवण्याचे कार्य मात्र चौथाईच झालेले असते. ५७६ रोजांपैकी १४४ संपले, ४३२ बाकी. वरचे बारा मीटर खालच्या बारा मीटरांच्या तिप्पट घाम मागतात. जुन्या मुकादमांना हे ठाऊक असे, म्हणूनच बांधकामाच्या दरपत्रकात उंचीप्रमाणे दर चढत जातात. खालच्या ब्रासला जो भाव तोच वरच्या ब्रासला देऊन मजुराला गुंडाळायचे असेल, तर आधी त्याला कलनशास्त्र येत नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

खोदकामात सगळे उलटे होते. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटात मेट्रोचे स्थानक चालू आहे. अशा स्थानकासाठी खणलेल्या खड्ड्यातली सर्वांत वरची माती काठाशीच असते, ती फुकटात निघते. तळाची घमेली सगळी खोली चढून येतात. सूत्र तेच, फक्त शून्य वरच्या बाजूला. एवढे एक वाक्य ज्याला समजले त्याने तिसरे प्रकरण गाळले तरी चालेल.

पिरॅमिडचा उल्लेख केल्याशिवाय या विषयाची प्रस्तावना पुरी होत नाही, तेव्हा तोही करतो. गिझाचा मोठा पिरॅमिड पायाशी सुमारे २३० मीटर आणि मूळचा साधारण १४७ मीटर उंच. दगड घनमीटरला २,४०० किलो धरला तर वजन बासष्ट लाख टन, आणि सरासरी चढ उंचीचा चौथा हिस्सा, पावणेसदतीस मीटरांच्या आतबाहेर. कार्य सव्वादोन लाख कोटी ज्यूल. हिरोडोटसने लिहून ठेवले आहे की एक लाख माणसे वीस वर्षे खपत होती. आपल्या बिगाऱ्याचा रोज लावून पाहिला, वर्षाला तीनशे दिवस धरले, तर वीस वर्षांत हे सगळे दगड वर न्यायला दीड हजार माणसे पुरतात. बाकीची माणसे खाणीत दगड फोडत होती, नाईलमधून नावा आणत होती, उतरणी बांधत आणि मोडत होती, आणि या सगळ्यांना भाकरी भाजत होती. समाकलनाने इथे कामगारांची संख्या सांगितली असे मी म्हणणार नाही. चढवण्याचा भाग किती छोटा होता हे त्याने सांगितले, आणि त्यामुळे उरलेले कष्ट पहिल्यांदा नजरेत भरले.

हेच मला हमालांबद्दल म्हणायचे आहे. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. नववीच्या पुस्तकातल्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात ते स्वच्छ दिले आहे. त्यावरून सपाट रस्त्याने पोते वाहून नेणाऱ्या माणसाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य शून्य येते. शुक्रवार पेठेतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात हे सांगताना पुढच्या बाकावरच्या एका मुलाचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. त्याचे वडील भवानी पेठेत पोती वाहत. व्याख्या बरोबर आहे, पण ती सांगून पुढच्या उदाहरणाकडे वळणारा शिक्षक अर्धाच धडा शिकवतो. उभे राहून पोते नुसते धरून ठेवले तरी स्नायूंचे तंतू सतत आकसत आणि सैल होत असतात, त्याला ऊर्जा लागते, रक्त लागते, श्वास लागतो. ‘कार्य’ हा शब्द यंत्राचे बोलतो. माणसाचे बोलायला आपल्याकडे ‘कष्ट’ हा वेगळा आणि नेमका शब्द आहे. तो विज्ञानाच्या तासालाही बेधडक वापरावा.

शंभर किलोचे पोते दीड मीटर उचलून पाठीवर घ्यायला १,४७० ज्यूल लागतात. पन्नास किलोची दोन पोती एकामागून एक उचलली तरी तेवढेच. सूत्राला दोन्ही सारखे. पाठीच्या मणक्याला मात्र अजिबात सारखे नाही, आणि पोते शंभरावरून पन्नास किलोवर आणा ही हमालांची मागणी त्या मणक्यातून आली होती. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, १९७४ पासून पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ स्वस्तात पोटभर जेवण देऊ लागली. त्या नावात कार्य नाही, कष्ट आहे. हा फरक ज्यांनी नाव ठेवले त्यांना पुरता समजला होता.

कोणी विचारेल, हे सगळे मराठीत कशाला? कलनशास्त्र पुढे इंग्रजीतच शिकायचे आहे. माझे उत्तर असे की हा विषय आपल्या भाषांना नवा नाही. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने वर्गांच्या बेरजेला ‘वर्गचितिघन’ म्हटले. चिती म्हणजे रचलेला ढीग. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस ही बेरीज त्याच्या डोळ्यांसमोर आकड्यांची नव्हतीच, ती मंडईतल्या मोसंब्यांसारखी रचलेली होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त खोदलेल्या खड्ड्याचा, विटांच्या चितीचा, लाकूड करवतीने कापण्याचा आणि धान्याच्या राशीचा असे वेगवेगळे व्यवहार दिले. राशीचा नियम तर आजही भुसार दुकानात वापरता येईल. राशीचा घेर मोजा, त्याचा सहावा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. जाड धान्याची रास असेल तर उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक धान्याची असेल तर अकराव्या, कुसळे असलेल्या धान्याची असेल तर नवव्या. दाणा बारीक आणि गुळगुळीत असेल तर रास पसरते, कुसळे असतील तर एकमेकांत अडकून उंच राहते. ग्रहगणितात याच भास्कराचार्यांनी तात्कालिक गतीचा विचार केला, आणि तो अवकलनाच्या उंबरठ्यावरचा विचार होता. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

सोळाव्या शतकात केरळात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ लिहिला तो संस्कृतात नाही, मल्याळममध्ये. पातळ तुकडे करून त्यांची बेरीज घेण्याची रीत त्याने घरच्या भाषेत सिद्धतेसह समजावून दिली. एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्राला मराठीत ‘शून्यलब्धि’ हे नाव वापरले. तुकडा शून्याकडे नेत नेत काही हाती लागते, ती शून्यलब्धि. इतका सुंदर शब्द आपण का टाकून दिला ते मला कळत नाही. आज मराठी विश्वकोशातली ‘अवकलन’ व ‘समाकलन’ ही नावे रूढ आहेत आणि पुस्तिकेत मी तीच ठेवली आहेत, पण पहिल्या प्रकरणाचे नाव मुद्दाम ‘शून्यलब्धि’ दिले आहे. मंडईच्या चौकात लोकमान्यांचा पुतळा आहे. डेक्कन कॉलेजात ते केरूनाना छत्र्यांकडे गणित शिकले होते, आणि केरूनानांनी अंकगणित व पदार्थविज्ञान मराठीत लिहिले. मी ज्या रस्त्याने वर्गाला जातो त्याच रस्त्यावर ही परंपरा उभी आहे.

पुस्तिका कशी वाचावी याबद्दल थोडे. पहिल्या प्रकरणात फक्त ढीग आहेत: मोसंबी, विटा, ज्वारी. त्यात एकही चिन्ह नाही, ते कागद-पेन्सिल घेऊन करावे. दुसरे मोटेचे, तिसरे खड्ड्याचे. चौथ्यात घुमट आणि कळस आहेत. त्यातले गणित जरा अवघड आहे, पहिल्या वाचनात अडले तर पुढे जावे. पाचवे आणि शेवटचे प्रकरण ओझ्याचे आहे. त्यातले शेवटचे उदाहरण माझे नाही.

वर्गातल्या एका मुलीचे वडील बांधकामावर बिगारी आहेत. समाकलन शिकून झाल्यावर मी घरून एक उदाहरण तयार करून आणायला सांगितले होते. तिने एका दिवसाच्या खेपा वडिलांना मोजायला लावल्या. वाळूचे घमेले वीस किलोचे, मजला तीन मीटरचा. पहिल्या मजल्यावर चाळीस खेपा, दुसऱ्यावर तीस, तिसऱ्यावर वीस. तिने रेघा आखून कोष्टक केले होते आणि खाली उत्तर काढले होते: ९४,०८० ज्यूल. उत्तर बरोबर होते. त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘बाबांचे वजन ५२ किलो’, आणि पुढे एक ओळ मोकळी सोडली होती. मी विचारले, ही का सोडलीस? ती म्हणाली, सर, चढतानाचं काढता येतं, पण बाबांचे गुडघे उतरताना दुखतात, ते कसं मांडायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

पुस्तिकेत ते उदाहरण तिच्या कोष्टकासह दिले आहे, आणि ती ओळ मोकळीच ठेवली आहे.